बागकामाची बाराखडी लिहिणाऱ्या जेनबाई



फावड्याचा दांडा खरखरीत असला की तळहाताला फोड येतात, हे तुम्हांला कुणी पुस्तकातून शिकवलेले नाही. तुम्ही ते हाताने शिकलात. पण ज्याने जन्मात फावडे धरले नाही, त्याला ते कुणीतरी सांगावे लागते. आणि गंमत अशी की, जो खरा जाणता असतो तो नेमके हेच सांगायचे विसरतो. त्याला वाटते, एवढे काय त्यात, हे तर शेंबड्या पोरालाही कळते!

आम्हां विस्तार खात्याच्या लोकांचे दुखणे नेमके हेच आहे. आम्ही सांगतो, "हेक्टरी इतके किलो नत्र द्या." ऐकणाऱ्याच्या घरात गोणी असते, नत्र नसते. आणि जमीन हेक्टरात नसते, एकरात आणि गुंठ्यात असते. सांगणारा चुकीचे सांगत नसतो, पण समोरच्याला काय माहीत नाही हेच त्याला माहीत नसते. मग सभा होते, हारतुरे होतात, चहा होतो, आणि माहिती जिथल्या तिथे राहते.

ही अडचण सुमारे १८५ वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका बाईने ओळखली आणि तिच्यावर आपल्या परीने उपायही काढला. त्यांचे नाव जेन लाउडन. त्या माळ्याच्या घरात जन्मल्या नव्हत्या, शेतकऱ्याच्या तर नाहीच. तेवीस वर्षांच्या होईपर्यंत त्यांना झाडापेडांतले ओ की ठो कळत नव्हते, असे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. पुढे याच बाईंच्या पुस्तकांवर हजारो घरांतल्या बायका बागकाम शिकल्या. हे कसे घडले, ते आज तुम्हांला सांगायचे आहे.

वाफेचा नांगर आणि लग्नाचा योग

त्यांचे माहेरचे नाव जेन वेब. जन्म १९ ऑगस्ट १८०७ रोजी बर्मिंगहॅम येथला. वडिलांचा कारखानदारीचा धंदा होता, घर खाऊनपिऊन सुखी होते. पण जेन बारा वर्षांची असताना आई वारली. पुढे वडिलांचा धंदाही बुडाला आणि १८२४ मध्ये वडील गेले. मागे पैसा नाही, जमीन नाही. चांगल्या घरातल्या पोरक्या मुलीला त्या काळी दोन-तीनच वाटा असत. नातेवाइकांच्या दारी राहावे, कुणाच्या घरी मुलांना शिकवायला राहावे, नाहीतर मिळेल त्याच्याशी लग्न करावे. जेनबाईंनी वेगळी वाट धरली. त्यांनी लेखणी हाती घेतली.

१८२७ साली त्यांची 'द ममी' ही तीन भागांची कादंबरी निघाली. पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते. गोष्ट होती बाविसाव्या शतकातली, म्हणजे आपल्यालाही अजून यायच्या असलेल्या काळातली! इजिप्तच्या थडग्यातला राजा जिवंत होतो आणि त्या पुढारलेल्या इंग्लंडात येऊन पोहोचतो, अशी कल्पना. त्या काळात यंत्रे काय काय कामे करतील, याची चित्रे त्यांनी रंगवली. त्यांतच एक होता वाफेवर चालणारा नांगर. ज्या देशात तेव्हा नांगराला घोडे जुंपत, त्या देशातली वीस वर्षांची मुलगी हे लिहीत होती.

हे पुस्तक जॉन क्लॉडिअस लाउडन यांच्या हाती पडले. हे गृहस्थ स्कॉटलंडचे. शेती, बागा, इमारती या विषयांवरचे त्या काळचे मोठे जाणकार. १८२६ पासून ते 'गार्डनर्स मॅगझिन' नावाचे नियतकालिक चालवत. वाफेच्या नांगराची कल्पना त्यांना इतकी आवडली की, मार्च १८२८ च्या अंकात त्यांनी त्या कादंबरीवर लेख लिहिला. असे डोके चालवणारा लेखक पुरुषच असणार, हे त्यांनी धरून टाकले होते. या लेखकाला एकदा भेटायचे आहे, असे ते ओळखीपाळखीच्यांना सांगत. अखेर फेब्रुवारी १८३० मध्ये एका मेजवानीत भेट झाली, आणि समोर उभी राहिली बावीस वर्षांची जेन वेब! त्याच वर्षी १४ सप्टेंबरला दोघांचे लग्न झाले. नवरदेवाचे वय सत्तेचाळीस, नवरीचे तेवीस.

नांगराचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. वाफेच्या इंजिनाने दोर ओढून चालणारा जॉन फाउलर यांचा नांगर तिकडे खरोखर शेतात उतरला, आणि १८५८ साली रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने त्याला ५०० पौंडांचे बक्षीस दिले. जेनबाई त्याच वर्षी वारल्या.

नवऱ्याचा उजवा हात

लाउडनसाहेब विद्वान खरे, पण शरीराने खचलेले. तरुणपणी संधिवाताच्या तापाने त्यांना जायबंदी केले होते. त्यातून एक दुर्दैवी प्रकार घडला, आणि त्याचा धागा आपल्या देशाशी जुळतो. मूळचे पाटण्याचे शेख दीन महंमद नावाचे गृहस्थ तिकडे ब्रायटन गावी वाफेची स्नानगृहे चालवत आणि अंग चेपून देत. आपल्या 'चंपी'वरूनच इंग्रजीत 'शांपू' हा शब्द गेला. १८२० मध्ये लाउडनसाहेब दुखऱ्या अंगावर उपचार म्हणून तेथे गेले, आणि अंग चेपताना त्यांचा उजवा हात खांद्याजवळ मोडला. तो नीट जुळलाच नाही. पुढे हात कापून काढावा लागला. डाव्या हाताचीही दोनच बोटे धड चालत.

वेदना सोसवेनात म्हणून त्यांना अफूच्या अर्काची सवय लागली होती. ती त्यांनी कशी सोडली, हे जेनबाईंनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात आहे. बाटलीतून एक पेला अर्क घ्यायचा की, तेवढेच एक पेला पाणी बाटलीत ओतायचे. दिवसेंदिवस अर्क पातळ होत गेला आणि शेवटी बाटलीत नुसते पाणी उरले. हा त्या काळचा एका माणसाचा अनुभव आहे. आज कुणाच्या घरी असे व्यसन असेल, तर घरच्या घरी प्रयोग न करता डॉक्टरांकडेच जावे.

तर अशा माणसाला लिहायला हात हवा होता. तो हात जेनबाई झाल्या. लंडनमधल्या पोर्चेस्टर टेरेस या रस्त्यावरच्या घरात नवरा उभा राहून मजकूर सांगे आणि बायको लिहून घेई. एकेकाळी साहेब चार नियतकालिके एकदम चालवत होते. दिवसभर चित्रकारांना घेऊन झाडांपाशी उभे राहायचे, रात्री जेवण झाले की पुन्हा मजकूर सांगायला लागायचे, ते पहाटेच्या दोन-तीनपर्यंत. १८३२ साली मुलगी झाली, ॲग्नेस. पोर सांभाळून हे सारे चाले. आपल्याकडे ऊसतोडीच्या किंवा कांदा काढणीच्या दिवसांत घरातल्या बाईचा दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे तुम्ही जाणता. त्यावरून अंदाज करा.

मजकूर लिहून घेताना बाईंची मोठी पंचाईत होई. साहेब झाडांची लॅटिन नावे भराभर सांगत. ती कशाची, कशाला म्हणतात, काही कळत नसे. बागकाम करणाऱ्या माणसाच्या बायकोला बागेतले काही कळू नये, याची त्यांना लाज वाटू लागली. मग त्या शिकायला बसल्या. नवऱ्याला विचारत, बागेत स्वतः हात मातीत घालत, जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या व्याख्यानांना जात आणि टिपणे काढत.

शिकता शिकता शिकवणे

१८३८ साली लाउडनसाहेबांचा सर्वांत मोठा ग्रंथ पुरा झाला. ब्रिटनमध्ये उघड्या हवेत वाढणाऱ्या झाडाझुडपांची समग्र माहिती, चित्रांसह, आठ खंडांत. ग्रंथ अमोल, पण तो त्यांनी स्वतःच्या खर्चाने काढला होता. हिशेब झाला तेव्हा छापखाना, कागदवाला आणि लाकडी ठसे कोरणारा या तिघांचे मिळून १०,००० पौंड देणे निघाले. त्या काळी ही डोंगराएवढी रक्कम होती.

मंडळी, कर्ज म्हणजे काय हे तुम्हांला मी सांगायला नको. पीक चांगले आले तरी कर्ज होते. बाजाराने दगा दिला की होते. लाउडनसाहेबांचे पीक उत्तम आले होते, पण महागडे आठ खंड घेणारे गिऱ्हाईक थोडे. आता घरात पैसा येण्याची एकच नवी वाट होती. आजवर नवऱ्याचा मजकूर लिहिणाऱ्या बाईने स्वतःचा मजकूर लिहिणे.

१८४० साली त्यांचे बायकांसाठी बागकाम शिकवणारे पुस्तक निघाले आणि चांगले खपले. पुढच्याच वर्षी फुलबागेवरचे दुसरे पुस्तक आले. त्यात झाडांची माहिती बाराखडीच्या क्रमाने लावलेली होती, म्हणजे हवे ते चटकन सापडावे. त्याच्या वीस हजारांवर प्रती खपल्या. १८४३ साली ही दोन्ही पुस्तके अमेरिकेतही एकत्र छापून निघाली.

असे काय होते त्या पुस्तकांत? बागकामाची पुस्तके त्यांच्या आधीही पुष्कळ होती. ती मुरलेल्या माळ्यांनी लिहिलेली होती. जेनबाईंचे म्हणणे असे की, लहानपणापासून जो या कामात वाढला, त्याला नवख्याचे अज्ञान किती असते याची कल्पनाच करता येत नाही. आपण स्वतः काल-परवा शिकलो. आपण कुठे अडखळलो, ते आपल्याला अजून आठवते. म्हणून नवख्याला आपणच नीट सांगू शकू. आपल्या थोड्या शिक्षणाचा त्यांनी असा उपयोग केला.

आता त्यांची शिकवण्याची रीत पाहा. पहिला धडा कशाचा? गुलाबाचा नाही, मोगऱ्याचा नाही, माती खणण्याचा. बाईमाणसाला खणणे झेपायचे नाही, असे तेव्हा सगळे म्हणत. बाईंनी सांगितले, झेपते, पण रीत हवी. फावडे हलके आणि लहान घ्या. दांडा गुळगुळीत आणि मुठीत मावेल असा असू द्या. हातमोजे घाला. पायातल्या जोड्याच्या तळव्याला लोखंडी पट्टी असू द्या, म्हणजे फावड्यावर पाय दाबताना तळवा दुखणार नाही. फावडे सरळ उभे घुसवा आणि मग दांडा आपल्याकडे ओढा. दांडा तरफेचे, म्हणजे पहारीसारखे काम करतो आणि माती आपोआप सुटते. एका वेळी मोठे ढेकूळ उचलू नका; थोडी थोडी माती काढत त्याच ओळीवरून पुन्हा पुन्हा जा. घाई केली नाही, तर छोट्या बागेची सगळी खणणी बाई एकटी करू शकते, आणि वर प्रकृतीलाही ते चांगले.

बघा, यात 'का' प्रत्येक ठिकाणी आहे. नुसते "खणा" नाही; का खणायचे, माती मोकळी झाल्याने हवा-पाणी मुळांपर्यंत कसे पोहोचते, तेही आहे. ताजे शेण का घालायचे नाही, कुजताना ते तापते कसे, आणि त्या उष्णतेचा थंड देशात रोपे वाढवायला उपयोग कसा करून घ्यायचा, हेही आहे. रोप उपटून दुसरीकडे लावताना मुळांची बारीक टोके का जपायची, तर पाणी शोषण्याचे काम तीच करतात म्हणून. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी मुळांच्या टोकाला स्पंजासारखे इंद्रिय मानले. आज आपण जाणतो की, पाणी मुख्यतः टोकामागच्या भागातील सूक्ष्म केसांसारख्या तंतूंतून शोषले जाते. समजूत सुधारली, पण सल्ला जसाच्या तसा खरा राहिला. मिरची-टोमॅटोची रोपे वाफ्यातून काढण्यापूर्वी वाफा भिजवा, रोप ओढून न काढता मुळांच्या मातीसह काढा, असे आम्ही आजही सांगतो, ते याच कारणाने.

ज्याला 'का' कळले, त्याला पुढचे आपले आपण सुचते. ज्याला नुसता हुकूम मिळाला, तो पाऊसपाणी बदलले की अडतो.

फुलावरून कूळ ओळखा

१८४२ साली त्यांनी बायकांसाठी वनस्पतिशास्त्राचे पुस्तक लिहिले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी सांगितलेला अनुभव मला फार आवडतो. शास्त्रातली नावे आणि वर्ग ऐकून त्यांना आधी कंटाळा येई. एकदा त्यांनी फुलांनी बहरलेला तांबड्या रंगाचा एक ताटवा पाहिला आणि नाव विचारले. ते 'मॅलोप' नावाचे फूल होते, आणि त्याचे कूळ कोणते तेही त्यांना सांगण्यात आले. मग त्यांनी त्याच कुळातल्या ओळखीच्या फुलांशी ते ताडून पाहिले आणि घरातल्या माणसांची चेहरेपट्टी जुळावी तसे साम्य दिसले. तिथून शास्त्राची गोडी लागली. नावे पाठ करण्यापेक्षा कूळ ओळखणे सोपे, हे त्यांच्या ध्यानात आले.

आता हे कूळ कोणते, ऐका. आपल्याकडे त्याला जास्वंदीचे कूळ म्हणतात. त्यात जास्वंद आली, भेंडी आली, अंबाडी आली आणि आपली कपाशीही आली! खोटे वाटत असेल तर उद्या सकाळी भेंडीचे फूल आणि कपाशीचे फूल शेजारी शेजारी धरून पाहा. पाकळ्या पाच. मधोमध एक दांडी, आणि तिच्याभोवती परागाचे पुंकेसर एकत्र जुळून नळीसारखे झालेले. जास्वंदीत ही नळी लांब बाहेर आलेली असते, म्हणून पोरासोरांनाही दिसते. भेंडी-कपाशीत ती आखूड असते, एवढाच फरक.

हे कुळाचे ज्ञान नुसते फुले पाहण्यापुरते नाही. एका कुळातल्या झाडांचे पाहुणेही पुष्कळदा एकच असतात. ठिपक्यांची बोंडअळी कपाशीच्या बोंडात शिरते तशी भेंडीच्या फळातही शिरते. पांढरी माशी आणि तुडतुडे दोन्हींचा रस शोषतात. भेंडीची पाने पिवळ्या जाळीची करणारा केवडा रोग हीच पांढरी माशी पसरवते. म्हणूनच कपाशीच्या शेजारी किंवा कपाशी निघाल्या निघाल्या त्याच रानात भेंडी-अंबाडी घेऊ नका, असे सांगितले जाते. किडीला वर्षभर बारमाही खानावळ कशाला चालवून द्यायची? सल्ला पाठ करायची गरज नाही. फुलावरून कूळ ओळखले की सल्ला आपला आपल्याला सुचतो.

कपाळी आलेले देणे

पुस्तके खपत होती, पण कर्ज पुरते फिटले नव्हते. त्यात लाउडनसाहेबांना फुप्फुसांचा आजार जडला. तरी काम थांबले नाही. ते तरुण माळ्यांसाठी एक पुस्तक सांगत होते, आणि ते पुरे होण्याची त्यांना फार तळमळ होती. १४ डिसेंबर १८४३ रोजी ते उभेच होते. बायकोला त्यांच्या चेहऱ्यावर बदल दिसला. तिने धावत जाऊन त्यांना मिठीत धरले, आणि तिच्या खांद्यावर मान टाकून त्यांनी प्राण सोडला.

जेनबाईंचे वय छत्तीस, मुलगी अकरा वर्षांची, आणि डोक्यावर देणे. त्या काळी इंग्लंडातला कायदा असा होता की, लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची. म्हणजे बाईंनी रात्री जागून लिहिलेल्या पुस्तकांचा पैसाही नवरा होता तोवर त्याचाच. हा कायदा इंग्लंडात १८७० आणि १८८२ साली बदलला. जेनबाईंना त्याचा उपयोग झाला नाही. कमाई नवऱ्याच्या नावावर, आणि तो गेल्यावर देण्याची झळ मात्र बाईला. आपल्याकडे ज्या घरचा कर्ता माणूस कर्ज मागे ठेवून गेला, तिथल्या माउलीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्यांनी काय केले? आधी नवऱ्याचे अपुरे राहिलेले पुस्तक पुरे करून छापले आणि त्यात त्यांचे चरित्र लिहिले. आज लाउडनसाहेबांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले पुष्कळसे या चरित्रामुळे. चाहत्यांनी पुस्तके विकत घेण्याचे आवाहन केले, लेखकांना मदत करणाऱ्या निधीतून थोडी मदत झाली. १८४६ साली सरकारने वर्षाला १०० पौंडांचे निवृत्तिवेतन बांधून दिले. पण तेवढ्यावर भागणारे नव्हते, आणि बाई बसून राहणाऱ्याही नव्हत्या. १८४५ साली त्यांनी खेड्यात राहायला गेलेल्या नवविवाहित मुलीला लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने एक पुस्तक काढले. त्यात घर कसे ठेवावे, स्वयंपाकघर, गाय, दूधदुभते, कोंबड्या, बाग, सगळे. १८४६ साली रानफुलांवरचे सचित्र पुस्तक काढले. १८४९ च्या शेवटी बायकांसाठीच्या एका नव्या साप्ताहिकाच्या त्या संपादक झाल्या. पुढे खप उतरला आणि त्यांना ते पद सोडावे लागले. शेवटची वर्षे ओढाताणीचीच गेली. १३ जुलै १८५८ रोजी वयाची एक्कावन्न वर्षे पुरी होण्याआधीच त्या वारल्या.

लंडनच्या त्या घरावर आज निळा स्मृतिफलक आहे. त्यावर नाव दोघांचे आहे, जॉन आणि जेन.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. जेनबाईंनी लिहिले ते मध्यम आणि वरच्या स्थितीतल्या बायकांसाठी, ज्यांच्या दारी बाग होती आणि हाती मोकळा वेळ होता. त्याच इंग्लंडात मजुरीने शेतात राबणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या हाती ही पुस्तके पडली असण्याचा संभव कमी. म्हणजे ज्ञान एक पायरी खाली उतरले, तळापर्यंत नाही.

आता आपले पाहू

आपल्याकडे तर गोष्ट उलटीच आहे. बी टोकणारी, निंदणारी, कापूस वेचणारी, वाल-वांगी-मिरचीचे बी राखेत घोळून गाडग्यात जपणारी बाईच. तिला खणायला शिकवायची गरज नाही. पण माहितीची सभा भरली की पुढच्या रांगेत बसतात पुरुष, आणि बाई मागे दाराशी उभी. औषध किती घालायचे हे ऐकतो एक, आणि बादलीत कालवते दुसरी. अशाने कधी मात्रा चुकते, कधी हातमोजे राहून जातात, आणि विषबाधा होते. ज्याच्या हातून काम होते, त्याच्या कानापर्यंत त्या कामाचे 'का' पोहोचलेच पाहिजे.

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करा.

पहिली. तुमच्या घरात निंदणी-खुरपणीला जी अवजारे आहेत, ती कुणाच्या उंचीची आणि कुणाच्या मुठीची आहेत ते पाहा. काम सून करते आणि दांडा सासऱ्याच्या मापाचा, असे असेल तर सुताराकडून दांडा बदलून घ्या. खर्च थोडा आहे आणि पाठदुखी कमी होईल. उभ्याने चालवायचे सायकल कोळपे किंवा लांब दांड्याचे खुरपे मिळाले, तर बाईलाच आधी चालवून पाहू द्या आणि मग विकत घ्या.

दुसरी. एक जुनी वही घ्या. घरातली जी मुलगी किंवा सून लिहिती-वाचती असेल, तिने आजीला विचारून लिहून काढावे. कोणते बी कधी काढायचे, कसे वाळवायचे, कशात ठेवायचे, आणि मुख्य म्हणजे असे का करायचे. आजीला 'का' विचारले की आधी ती हसेल, "त्यात काय लिहायचंय बाई!" म्हणेल. पण नेटाने विचारा. जाणत्याला जे सांगण्यासारखे वाटत नाही, तेच नवख्याला हवे असते. आणि आजी गेली की गाडगे राहते, पण त्यातले बी कसे टिकवायचे ते तिच्याबरोबर जाते.

तिसरी सोपी आहे आणि मुलांना घेऊन करण्यासारखी. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कपाशी यांपैकी जी फुले मिळतील ती आणा आणि पाटावर मांडा. मधली नळी शोधा. मग वांगी, मिरची, टोमॅटो आणि बटाटा यांची फुले जमतील तशी बघा. त्यांचेही एक कूळ आहे. कोणत्या कुळाचे पीक कोणत्या वाफ्यात गेल्या वर्षी होते, ते त्याच वहीत टिपून ठेवा. यंदा तिथे दुसऱ्या कुळाचे पीक घाला.

पुढच्या आठवड्यात याच धाग्याने वांग्याच्या कुळाविषयी बोलू. तोवर कुणाच्या आजीने बियाण्याची एखादी वेगळी युक्ती सांगितली, तर आम्हांला जरूर कळवा, आणि पत्रात तिचे 'का' लिहायला विसरू नका.